घासाघीस

नोव्हेंबरातल्या मंगळवारी, वुल्व्हरहॅम्प्टनच्या आमच्या बंद गल्लीत
सकाळी नऊला क्रेग आला,
टॅब्लेट, टॉर्च आणि एक चिमुकली पट्टी घेऊन.
चहा विचारला, नको म्हणाला.
गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या,
उकिडवा बसला, बोनेटला गाल लावून
तिरका बघत राहिला.
माझ्या बघण्याच्या कार्यक्रमातही
कुणी इतकं वाकून बघितलं नव्हतं.

गाडी घेऊन गेले. संध्याकाळी ई-मेल :
डावं मागचं चाक, घासलेलं, अडुसष्ट पौंड.
पुढचं दार, ओरखडा एकतीस मिलिमीटर, एकशे दहा.
मागची सीट, तेलकट डाग, वास येतो, एकशे पंचेचाळीस.
पंचविसापर्यंतचा ओरखडा म्हणजे रास्त झीज,
त्यापुढची तुमची.

चंदनासारखं झिजावं,
असं शाळेच्या फळ्यावर असायचं.
किती मिलिमीटर, ते नसायचं.

तीन वर्षं पहाटे पावणेपाचला
बँकेच्या कार्डाने काचेवरचा बर्फ खरवडून
मी निघत आले, वॉर्डावॉर्डात झोपलेल्यांच्या शिरा शोधायला.
चाक माझंच. बेकरीसमोरच्या फुटपाथला दोनदा लागलं,
एकदा उशीर झाला म्हणून,
एकदा रडत होते म्हणून.
अडुसष्ट, कबूल.

दार कबूल नव्हतं.
आदल्या रात्रीच, टॉर्च दातांत धरून,
शाल्मलीच्या कंपासमधली पट्टी लावून
मी फोटो काढून ठेवला होता : चोवीस.
बाबा भूकरमापक होते. पुरावा आधी, तोंड नंतर,
हे घरातच शिकले.
आणखी एक म्हणायचे ते,
भांडण जमिनीचं नसतं गं,
शून्य कुठे धरलं, त्याचं असतं.

सीट.
हीथ्रोहून येताना बरणी त्यांच्या मांडीवर होती.
डिकीत आडवी पडेल, म्हणाले, मी धरतो.
साखळी घातलेल्या जमिनी धरल्या मी, बरणीचं काय.
बॅनबरीच्या पुढे लॉरीने ब्रेक मारला आणि मीही.
धोतरासारखा घडी केलेला तो मोठा रुमाल काढून
ते पुसत राहिले, पुसत राहिले, डाग पसरवत राहिले.
कापडच आहे, जाईल.
मग वॉरिक येईपर्यंत बोलले नाहीत.
सोडा लावला मी, व्हिनेगर लावलं, ऊन पडलं तेव्हा दारं उघडी ठेवली.
पुढच्या जानेवारीत मिरजेहून फोन आला.
त्यानंतर काही लावलं नाही.

तक्रारीच्या अर्जात मी लिहिलं :
सदर डाग गाडी ताब्यात मिळाली तेव्हापासूनच होता.
चांगल्या इंग्रजीत लिहिलं. आपली नम्र, वगैरे.
पाठवून दिलं. भाजी फोडणीला टाकली.

आठ दिवसांनी उत्तर.
दार : फोटो ग्राह्य, आकार रद्द.
सीट : सोबतचे छायाचित्र पाहावे.
पाहिलं. पहिल्या दिवशीचं, त्यांच्या शेडमधलं.
राखाडी सीट, अर्धं प्लास्टिक अजून गुंडाळलेलं.
स्वच्छ.
जिथे कुणीच कधी बसलं नाही, अशी.

शाल्मली खांद्यावरून दुसरा फोटो बघत होती, माझा, दाराचा.
आई, तू पट्टी कडेपासून लावलीस.
शून्य आत असतं.
खरंच होतं. सात मिलिमीटर प्लास्टिक,
आकडा नसलेलं.
तिला म्हटलं, जा, अभ्यास कर.

मग पैसे भरायला बसले. दोनशे तेरा.
बँक विचारत होती, संदर्भ? फक्त अठरा अक्षरं.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी गाडीचा नंबर टाकला.
मधे जागा सोडायची की नाही,
तेही आठवेना.